मद्यमुक्तीचे स्वसाहाय्य-मंडळ : मांडव्याच्या संदर्भात एक टिपण

मद्यासक्ती हा इच्छाशक्तीच्या दुर्बलतेचा परिणाम की आजार, हा वाद जुना आहे. वैद्यकशास्त्र आज तिला आजार मानते. परंतु या आजाराचा रोगी बहुधा वैद्यापर्यंत पोहोचतच नाही. केंद्र शासनाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मद्यावलंबी व्यक्तींपैकी अडतीसांत एकालाच काही उपचार मिळाल्याचे आढळले. मांडव्यासारख्या किनाऱ्यावरील गावी राहणाऱ्या व दारू सोडू इच्छिणाऱ्या माणसाने समदुःखितांचे मंडळ कसे शोधावे आणि तेथे गेल्याने नेमके काय साधते, एवढ्याच मर्यादित प्रश्नाचा प्रस्तुत टिपणात विचार करावयाचा आहे.

१. कायदा आणि व्यसनी

हा किनारा मद्यविषयक कायद्यांना अपरिचित नाही. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा, ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा १८९२ चा कायदा, आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा हे सर्व येथे लागू झाले. यांतील पहिल्या दोहोंचा रोख मुख्यतः महसुलावर होता, तर तिसऱ्याचा निषेधावर. कायद्याने पुरवठा आवरता येतो. ज्याला दारूवाचून राहवत नाही, त्याने उद्याचा दिवस कसा काढावा याचे उत्तर कायद्यापाशी नसते. ते शोधण्याचा प्रयत्न स्वसाहाय्य-मंडळांनी केला.

२. मंडळाचे तत्त्व

अशा मंडळांत ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ (ए. ए.) हे सर्वांत व्यापक होय. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांच्या भेटीतून त्याचा उगम झाला. दुसऱ्या मद्यासक्ताला सावरू पाहताना आपण स्वतः सावरतो, असा विल्सन यांचा अनुभव होता. १९६५ साली फ्रँक रीसमन यांनी ‘साहाय्यकर्त्यालाच लाभ’ हे तत्त्व सिद्धान्तरूपाने मांडले, त्याचेच हे प्रत्यक्ष उदाहरण. भारतात ही चळवळ १९५७ च्या सुमारास आली. पुण्यात १९८६ साली स्थापन झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही समूहचर्चा व पाठपुरावा यांना उपचाराइतकेच महत्त्व आहे.

३. सभेची रीत

दारू सोडण्याची इच्छा एवढीच ए. ए. च्या सभासदत्वाची अट. वर्गणी नाही, खर्च सभासदांच्या ऐच्छिक देणगीतून चालतो. नाव गुप्त राहते. ‘खुल्या’ सभेस कोणासही बसता येते. ‘बंद’ सभा केवळ मद्यासक्तांसाठी असते. पहिल्या दिवशी बोललेच पाहिजे असे नाही. एक जण आपली हकीकत सांगतो, इतर ऐकतात. मध्येच प्रश्न वा उपदेश करण्याचा सहसा प्रघात नाही. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून ‘अल्-अ‍ॅनॉन’ ही निराळी संघटना आहे. घरचा माणूस सभेस जावयास तयार नसला, तरी पत्नीने वा आईने तेथे जाण्यास प्रत्यवाय नाही.

४. मांडव्याहून शोध

आरंभ वैद्यापासून करावा. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास कंप, झटके व भ्रम उद्भवून प्राणावर बेतू शकते. म्हणून प्रथम अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठावे. मंडळाचा पत्ता तेथील डॉक्टरांकडे किंवा १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतक्रमांकावर विचारता येतो.

पुढची अडचण सामाजिक आहे. नावाची गुप्तता हा मंडळाचा पाया. परंतु लहान गावात चेहराच नाव सांगतो. जवळच्या सभेत ओळखीचे लोक भेटण्याचे भय, तर दूरच्या सभेत सातत्य तुटण्याचे. गेटवेहून येणारी लाँच सुमारे तासाभरात मांडव्यास लागते. मात्र सभा सायंकाळची असल्यास परतीची शेवटची बोट आधी पाहावी लागते. पावसाळ्यात लाँचसेवा बंद राहते आणि भाऊच्या धक्क्याची रो-रो सेवा हवामानावर अवलंबून असते. त्याच सुमारास, जून व जुलै महिन्यांत, यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. म्हणजे हाताला काम नसते, तेव्हाच मुंबईची वाटही अरुंद होते. शिवाय सभा वारावर ठरते, दर्यावरचे काम मात्र तिथीवर, उधाण-भांगावर. यास्तव पहिल्या काही सभा अनोळखी शहरात, पुढे नियमित उपस्थिती अलिबागच्या बाजूस जे मिळेल तेथे, आणि मधल्या खंडात दूरध्वनीवरील वा आंतरजालावरील सभा, असा क्रम व्यवहार्य ठरावा.

५. मर्यादा व समारोप

२०२० साली कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा घेतला. रुग्णांना पद्धतशीरपणे ए. ए. शी जोडून देणारे उपचार अखंड मद्यत्यागाच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांहून सरस ठरल्याचे त्यात दिसून आले. हे अभ्यास बहुतांशी पाश्चात्त्य देशांतील असल्याने निष्कर्ष कोकणास जसाच्या तसा लावणे धाडसाचे होईल. ईश्वरवाचक भाषा काहींना रुचत नाही. त्यांनी दुसऱ्या प्रकारचे मंडळ पाहावे. एखादी सभा मानवली नाही, तर दुसरी पाहावी; एका सभेवरून पद्धतीची परीक्षा होत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या अभ्यासकांनी विशेष ध्यानात घ्यावी. ए. ए. च्या परंपरेनुसार मद्यमुक्तीसाठी एकत्र आलेल्या, अन्य कशाशी संलग्न नसलेल्या दोघा-तिघांचेही मंडळ होऊ शकते. शहरातील सभेत सावरलेला एक माणूस मांडव्यास परतला आणि त्याला दुसरा मिळाला, की बोटीची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. तो दुसरा माणूस पुढे येण्याजोगे वातावरण गावात कसे निर्माण होते, हा आपल्या क्षेत्रकार्याचा विषय व्हावयास हवा.