इंग्रजी गाण्यामागचा ऋतू ओळखा, इंग्रजी आपोआप उलगडेल. मोबाईलवर गाणी ऐकून वरच्या पातळीचं इंग्रजी कसं शिकायचं?

जून महिना. पेरणी खोळंबलेली. घरातला प्रत्येक माणूस आभाळाकडे डोळे लावून बसलेला. आणि त्याच वेळी गावातल्या इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत पोरं टाळ्या वाजवत पावसाला परत पाठवणारं गाणं म्हणतात! मराठी बडबडगीतात मात्र आपण त्याच पावसाला पैशाचं आमिष दाखवून बोलावतो.

दोन्ही गाणी लहान मुलांचीच. मग एवढा उलटा विचार का? कारण इंग्लंडमध्ये पाऊस चार महिन्यांचा पाहुणा नाही. तिथे तो वर्षभर अधूनमधून पडतच राहतो आणि पोरांचा बाहेरचा खेळ मोडतो. आपल्याकडे तो आला नाही तर वर्षाचं गणित मोडतं. म्हणजे गाण्यातले शब्द सोपे असले तरी त्यामागचा ऋतू माहीत नसेल तर अर्थ अर्धाच कळतो.

बारा वर्षं शिकूनही अडतं कुठे?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे बारावी होईपर्यंत मराठी माध्यमाच्या मुलाचीही बारा वर्षं इंग्रजी होते. धडा वाचता येतो, प्रश्नाचं उत्तर लिहिता येतं, मार्कही पडतात. पण तोच मुलगा किंवा मुलगी पुढच्या शिक्षणाला शहरात गेली, की वर्गातलं भराभर बोललेलं इंग्रजी डोक्यावरून जातं. मुलाखतीत प्रश्नच नीट ऐकू येत नाही. 'मला इंग्रजी येत नाही' असं मनाने घेतलं की हुशार पोरगंही मागच्या बाकावर जाऊन बसतं.

खरं तर त्याला इंग्रजी येत असतं, फक्त ते कानाला ओळखीचं नसतं. शिवाय शब्दांच्या आडचा अर्थ कळत नाही. युरोपात भाषेच्या सहा पातळ्या मानतात, ए-१ पासून सी-२ पर्यंत. त्यातल्या सी-१ ला 'ॲडव्हान्स्ड' म्हणतात. या पातळीवर माणसाला नुसता शब्दार्थ नाही, तर न बोललेला, सुचवलेला अर्थही कळावा अशी अपेक्षा असते. ही दोन्ही कामं, म्हणजे कान तयार करणं आणि आडचा अर्थ पकडणं, गाण्यातून चांगली होतात. कारण एकच गाणं माणूस पन्नास वेळा ऐकतो. धडा कोणी पन्नास वेळा वाचत नाही.

ऊब चांगली, पाऊस वाईट

लंडनमध्ये डिसेंबरच्या शेवटी सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. दिवस जेमतेम आठ तासांचा. जूनमध्ये मात्र रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. अशा मुलखातल्या माणसाला ऊन म्हणजे सुख आणि थंडी म्हणजे दुःख वाटणार, हे उघड आहे. त्यांची भाषाही तशीच घडली आहे.

प्रेमाने केलेलं स्वागत त्यांच्याकडे 'वॉर्म', म्हणजे उबदार असतं. एखाद्याला मुद्दाम टाळणं म्हणजे त्याला 'कोल्ड शोल्डर' देणं, थेट सांगायचं तर थंड खांदा दाखवणं. आपल्याकडे उलट आहे. आपल्या जिवाला 'थंडावा' मिळतो, चांगली बातमी ऐकून 'काळीज थंड' होतं. शेक्सपिअरने एका प्रसिद्ध कवितेत आपल्या प्रिय व्यक्तीची तुलना उन्हाळ्यातल्या दिवसाशी केली. आपल्याकडे कुणाला 'तू मे महिन्यातल्या दुपारसारखी आहेस' म्हणून बघा, काय उत्तर मिळतं ते!

पावसाचंही तसंच. अडचणीसाठी पैसा बाजूला ठेवणं याला इंग्रजीत 'रेनी डे'साठी ठेवणं म्हणतात. आपल्या शेतकऱ्याला अडचणीचा दिवस म्हणजे पाऊस न पडलेला दिवस. 'कार्पेंटर्स' या अमेरिकी गायक बहीण-भावाचं १९७१ मधलं 'रेनी डेज अँड मंडेज' हे गाणं ऐकलं तर हे लगेच पटतं. सुट्टीनंतरचा कंटाळवाणा सोमवार आणि पावसाचा दिवस या दोन्ही गोष्टी त्यात उदास मनासाठी जोडीने आल्या आहेत. गायिका कॅरन कार्पेंटरचे उच्चार स्वच्छ आणि चाल संथ असल्यामुळे सुरुवातीला हे गाणं सोपं जातं.

याउलट बीटल्सचं 'हिअर कम्स द सन'. जॉर्ज हॅरिसनने ते १९६९ च्या वसंतात, मित्र एरिक क्लॅप्टनच्या बागेत बसून लिहिलं. लांबलेला हिवाळा संपून ऊन पडल्याचा आनंद त्यात आहे. आपल्याला तो आनंद कळायचा असेल तर पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास आठवावा. ऋतू वेगळा, पण भावना तीच.

डिसेंबर: शिकायला सगळ्यात सोयीचा महिना

इंग्रजी मुलखात ख्रिसमस म्हणजे आपली दिवाळी. सुट्टी, घरी परतणारी माणसं, भेटवस्तू आणि दरवर्षी तीच ती गाणी. 'जिंगल बेल्स' तर आपल्या अंगणवाडीतल्या पोरांनाही पाठ असतं. हे गाणं जेम्स पिअरपाँट यांनी लिहिलं आणि ते १८५७ मध्ये छापलं गेलं. गंमत म्हणजे त्यात ख्रिसमसचा शब्दही नाही. बर्फावरून घोडा ओढतो त्या बिनचाकी गाडीतली ती मजेची सैर आहे. मग घंटा कशाला? चाकं नसल्यामुळे गाडीचा खडखडाट होत नाही, म्हणून पुढच्या माणसाला कळावं यासाठी घोड्याला घंटा बांधत. आपल्या बैलांच्या घुंगरमाळा माहीत असणाऱ्याला हे दोन वेळा सांगावं लागत नाही.

मोठ्या मुलांसाठी 'व्हॅम!' या ब्रिटिश जोडीचं 'लास्ट ख्रिसमस' घ्या. जॉर्ज मायकलने लिहिलेलं हे गाणं १९८४ मध्ये आलं तेव्हा ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर अडलं. पहिला क्रमांक गाठायला त्याला जानेवारी २०२१ उजाडावा लागला! तोपर्यंत दर डिसेंबरला लोक ते ऐकतच होते. गाणं सणाचं, पण गोष्ट प्रेमभंगाची. या एका गाण्यातून तीन गोष्टी शिकता येतात.

पहिली, काळ. मागच्या वर्षी काय घडलं ते भूतकाळात, यंदा काय करणार ते भविष्यात. व्याकरणाच्या पुस्तकातला तक्ता इथे गोष्ट होऊन येतो.

दुसरी, जोडक्रियापद. 'गिव्ह' म्हणजे देणं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण 'गिव्ह अवे' म्हणजे फुकट देऊन टाकणं. गुपित फुटलं तरी तोच शब्द आणि लग्नात बापाने मुलीला नवऱ्याच्या हाती सोपवलं तरीही तोच शब्द. शाळेच्या इंग्रजीत आणि वरच्या पातळीच्या इंग्रजीत मोठा फरक पडतो तो अशाच शब्दांमुळे.

तिसरी, उच्चार. नावातच बघा. आपण 'लास्ट' म्हणताना 'ट' वाजवतो. गाताना आणि भराभर बोलताना तो जवळजवळ नाहीसा होतो, 'लास ख्रिसमस' असं ऐकू येतं. 'नेक्स्ट डे' चं 'नेक्स डे' होतं, 'वाँट टू' चं 'वाना' होतं, 'गोइंग टू' चं 'गोना' होतं. मुलाखतीत प्रश्न कळत नाही तो बऱ्याचदा यामुळेच. शब्द ओळखीचा असतो, पण तो चिकटून आलेला असतो.

त्याच १९८४ च्या डिसेंबरात 'लास्ट ख्रिसमस'ला मागे टाकणारं गाणं होतं 'डू दे नो इट्स ख्रिसमस?'. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी पैसा उभा करायला बॉब गेल्डॉफ आणि मिज युअर यांनी ते लिहिलं. हेतू चांगला होता, तरी त्यावर पुढे टीकाही झाली. इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून आहे आणि तिथले लोक ७ जानेवारीला ख्रिसमस पाळतात. मग त्यांना हा सण माहीत आहे का, असा प्रश्न विचारायचा कसा? गाणं गोड असतानाही त्यातला सूर असा ओळखता येणं, हे वरच्या पातळीचं इंग्रजी.

गाणं ऐकायची रीत

नुसतं कानात बोंड घालून इंग्रजी येत नाही. एका आठवड्याला एकच गाणं घ्यावं आणि असं करावं:

१. पहिले दोन दिवस शब्द न बघता ऐका. जे ऐकू येईल ते वहीत लिहा, देवनागरीत लिहिलं तरी चालेल. चुका होणारच. चुकीचं ऐकू येण्याला इंग्रजीत 'मॉन्डेग्रीन' असा खास शब्दच आहे. सिल्व्हिया राइट या अमेरिकी लेखिकेने १९५४ मध्ये तो वापरात आणला, कारण लहानपणी एका जुन्या गीतातले शब्द तिला एका बाईचं नाव वाटले होते. ज्यांची मायबोली इंग्रजी, त्यांचंही असं होतं. तेव्हा लाजायचं कारण नाही.

२. तिसऱ्या दिवशी इंग्रजी शब्द समोर ठेवून ऐका, मराठी भाषांतर नको. ऐकलेलं आणि लिहिलेलं एकत्र डोळ्यापुढे आलं की वाचन सुधारतं. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी हीच कल्पना मांडली आणि १९९९ मध्ये गुजरातमध्ये दूरदर्शनवर गाण्यांखाली त्याच भाषेतले शब्द दिसू लागले. यूट्यूबवर गाण्याचा वेग पाऊणपटही करता येतो. मात्र आपोआप येणारे शब्द गाण्यात बऱ्याचदा चुकतात. कलाकाराच्या अधिकृत चॅनेलवरचा शब्दांचा व्हिडिओ मिळाला तर तोच बघा.

३. चौथ्या दिवशी अडलेले पाच-सहा शब्द इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशात बघा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे शब्दकोश मोबाईलवर फुकट उघडतात. शब्दापुढे ऋतू किंवा सण लिहा.

४. पाचव्या दिवशी गाण्याबरोबर म्हणा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. गळा कसा आहे ते सोडा, जोर कुठे पडतो तेवढं बघा. 'डिसेंबर', 'गिटार' या शब्दांत जोर दुसऱ्या अवयवावर पडतो, आपण तो पहिल्यावर देतो.

५. शेवटच्या दोन दिवसांत गाणं बंद करून त्यातली गोष्ट स्वतःच्या पाच वाक्यांत इंग्रजीत सांगा.

इथे जपून

गाण्यात व्याकरण मोडलेलं चालतं. 'वाना', 'गोना', 'एन्ट' हे शब्द कानाला कळले पाहिजेत, पण परीक्षेत आणि अर्जात लिहायचे नाहीत. एकाच वाक्यात दोन नकारही गाण्यात येतात, ते उत्तरपत्रिकेत चूक धरले जातात. चालीसाठी कधी कधी शब्दावरचा जोरही हलवलेला असतो, म्हणून शंका आली तर शब्दकोशातला उच्चार ऐका. गाण्यापुढे 'एक्सप्लिसिट' किंवा नुसतं 'ई' असं लिहिलेलं असेल तर त्यात शिवराळ शब्द आहेत असं समजावं. लहान मुलांच्या हातात मोबाईल देताना पालकांनी हे बघावं.

दुसरं म्हणजे, सगळ्या इंग्रजी मुलखांचा ऋतू एक नाही. ऑस्ट्रेलियात ख्रिसमस भर उन्हाळ्यात येतो. २६ डिसेंबरला मेलबर्नला सुरू होणारी बॉक्सिंग डे कसोटी बघताना प्रेक्षक टोप्या घालून उन्हात बसलेले दिसतात ते म्हणूनच. शब्दही बदलतात. पानगळीच्या ऋतूला ब्रिटिश 'ऑटम' म्हणतात, अमेरिकी 'फॉल'. आणि जुन्या इंग्रजांचा या ऋतूसाठीचा शब्द होता 'हार्वेस्ट', म्हणजे आपली सुगी! सप्टेंबरच्या शेवटाजवळच्या पौर्णिमेला आजही 'हार्वेस्ट मून' म्हणतात, कारण तिच्या उजेडात रात्रीही पीक काढता यायचं. नील यंगचं याच नावाचं १९९२ मधलं संथ गाणं सुगीच्या दिवसांत ऐकायला छान आहे.

शेवटची पायरी: आपला ऋतू त्यांच्या भाषेत

'इंडियन समर' हा शब्द ऐकून आपल्याला एप्रिल-मे आठवेल. पण त्याचा आपल्या देशाशी संबंध नाही. थंडी सुरू झाल्यावर मध्येच पडणाऱ्या उबदार दिवसांना उत्तर अमेरिकेत तसं म्हणू लागले. याउलट आपण सर्रास वापरतो तो 'ऑक्टोबर हीट' हा शब्द लंडनच्या माणसाला नीट कळणार नाही. त्याच्याकडे ऑक्टोबरात गारठा सुरू झालेला असतो. त्याला तो समजावून सांगावा लागेल.

आणि खरी परीक्षा तीच. मुलाखतीत 'तुमच्या गावाबद्दल सांगा' असं विचारलं जातं, तेव्हा पाठ केलेला निबंध कामाला येत नाही. मृग कोरडा गेला म्हणजे काय, पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद का लावतात, तुरीचं पीक फुलोऱ्यात असताना ढगाळ हवामानाची भीती का वाटते, हे ज्याला सोप्या इंग्रजीत पाच वाक्यांत सांगता आलं, त्याचं इंग्रजी वरच्या पातळीचं समजावं. दुसऱ्याचा हिवाळा गाण्यातून समजून घेतलेल्याला आपला पावसाळा दुसऱ्याला समजावणं जड जात नाही.

या आठवड्यात सुरुवात करायची असेल तर एक संथ गाणं निवडा आणि एक वही घाला. डाव्या पानावर त्यांचा ऋतू, उजव्या पानावर आपला.