आयरिश शिवॉनचं माहेर

Siobhán हे नाव रोमन लिपीत समोर आलं, की अक्षरांच्या मागोमाग जाणारा आपला माणूस बिनदिक्कत ‘सिओभान’ वाचतो. खरा उच्चार ‘शिवॉन’. तो कळल्यावर काहींना त्यात लगेच शिव दिसू लागतो. शिवाचा इथे काडीचाही संबंध नाही. आयरिशमध्ये ‘इ’आधीचा ‘स’ हा ‘श’ होतो आणि ‘ब’ला ‘ह’ जोडला, की ‘व’ ऐकू येतो. जुन्या आयरिश वळणात त्यासाठी ‘ब’च्या डोक्यावर नुसतं टिंब देत. विसाव्या शतकात साधा रोमन टाइप रुळला, टिंब गेलं, ‘ह’ आला. म्हणजे स्पेलिंग अगदी नियमाला धरून आहे. विक्षिप्तपणाचा आरोप निदान इंग्रजीनं तरी करू नये.

मोठा गैरसमज वेगळाच आहे: शिवॉन हे प्राचीन केल्टिक नाव, कुठल्याशा दंतकथेतल्या राणीचं. तसा मान नीव्ह किंवा ग्रानिया या नावांना द्यावा; त्या खरोखर जुन्या आयरिश कथांमधल्या आहेत. शिवॉन आली नॉर्मन लोकांबरोबर. ११६९पासून ते आयर्लंडमध्ये उतरू लागले, त्यांच्या फ्रेंच बोलीत ‘जेहान’ हे योहानवरून आलेलं बायकांचं नाव होतं. आयरिश वर्णमालेत ‘ज’ नव्हता, त्याचा ‘श’ झाला. शिनेड हीसुद्धा त्याच घरातली, ‘जानेत’पासून घडलेली. गंमत म्हणजे योहान हे नाव आयरिश लोकांना लॅटिन चर्चमुळे आधीच ठाऊक होतं, ‘ओवेन’ या रूपात. तरी नॉर्मनांकडून ते पुन्हा घेतलं गेलं आणि ‘शॉन’ झालं.

नावांच्या पुस्तकांत अर्थ दिलेला असतो, ‘देव कृपाळू आहे’. चूक नाही, पण तो अर्थ योहानच्या मूळ हिब्रू नावाचा. आयरिशमध्ये ‘शिवॉन’ असा काही शब्द नाही. मराठी बायबलमधली योहान्ना आणि गोव्यात २४ जूनला ज्याचा सांजांव साजरा होतो तो संत जुआंव, हे तिचे खरे नातलग.

इंग्रजी कागदपत्रांत मात्र अनेक शिवॉनांची जोहाना झाली, ज्युडिथ झाली, कधी ज्युलियाही. यांतलं पहिलं नाव निदान नात्यातलं. बाकीची फक्त कानाला बरी वाटली म्हणून चिकटवलेली. उलटा प्रवासही झाला: अभिनेत्री शिवॉन मकेना (निधन १९८६) हिनं बर्नार्ड शॉचं ‘सेंट जोन’ हे नाटक स्वतः आयरिशमध्ये आणलं आणि नायिकाही साकारली. आयरिशमध्ये त्या जोनचं नाव शिवॉनच.