फोन सुटत नाही, ओळख बदलतो

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. लिनक्स वापरणाऱ्याला एखादे साधन फक्त विंडोजवर मिळते, किंवा रोजच्या कामाची यंत्रणा न बिघडवता कोणाला अँड्रॉइडचे प्रयोग करायचे असतात. अशा वेळी फोन यूएसबीने या आतल्या संगणकाला जोडावा लागतो. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, क्यूईएमयू या व्हीएम चालवणाऱ्या तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये हे काम होते आणि नीट होते. तरीही एक वाक्य सतत कानावर येते : ‘व्हीएममध्ये फोन टिकत नाही, मध्येच सुटतो, फ्लॅशिंगसाठी व्हीएम वापरूच नये.’ फ्लॅशिंग म्हणजे फोनमधली यंत्रणा नव्याने लिहिणे. मग केबल बदलली जाते, व्हर्च्युअलबॉक्स काढून पुन्हा बसवला जातो, आणि फोन पुन्हा त्याच टप्प्यावर ‘सुटतो’. बहुतेक वेळा दोष केबलचा नसतो, सॉफ्टवेअरचा नसतो आणि फोनचाही नसतो.

यूएसबीची रचना एका मालकाची आहे. एका टोकाला होस्ट, म्हणजे हुकूम देणारा संगणक, आणि दुसऱ्या टोकाला हुकूम पाळणारे उपकरण. एका उपकरणाला एका वेळी एकच होस्ट असतो. फोन व्हीएमला द्यायचा म्हणजे मूळ संगणकाने त्यावरचा आपला ताबा सोडायचा. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स फोनच्या नेहमीच्या ड्रायव्हरच्या जागी स्वतःचा ड्रायव्हर बसवतो आणि फोनशी चाललेली सगळी देवाणघेवाण व्हीएममधल्या आभासी यूएसबी कंट्रोलरकडे वळवतो. व्हीएमवेअरच्या मेनूत तर हे शब्दांतच लिहिलेले आहे : जोडा, आणि होस्टपासून तोडा. त्यामुळे फोन व्हीएममध्ये दिसू लागताच मूळ संगणकावरून नाहीसा होतो. तो बिघाड नव्हे, फोन पोहोचल्याची ती खूण आहे. दोन्हीकडे एकदम फोन दिसावा ही अपेक्षाच यूएसबीच्या नियमात बसत नाही.

आता मूळ गैरसमजाकडे. लोक फोनला एक वस्तू समजतात, कारण हातात ती एकच वस्तू असते. यूएसबीच्या दृष्टीने मात्र उपकरणाची ओळख म्हणजे त्याने स्वतःबद्दल दिलेली माहिती. त्यात मुख्य दोन आकडे असतात : उत्पादकाचा व्हेंडर आयडी आणि त्या उपकरणाचा प्रॉडक्ट आयडी. माऊस किंवा प्रिंटर सहसा जन्मभर एकच जोडी सांगतो. फोन तसे करत नाही. गूगलचा पिक्सेल फाइल ट्रान्सफरवर ठेवला की त्याची जोडी १८डी१ : ४ईई१ अशी असते. यूएसबी डीबगिंग सुरू केले की तीच ४ईई२ होते. फोन बूटलोडरच्या, म्हणजे अँड्रॉइडच्या आधी चालू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फास्टबूट अवस्थेत नेला की ४ईई०. सॅमसंगचा फोन एरवी ०४ई८ : ६८६० असतो आणि डाउनलोड मोडमध्ये ६८५डी होतो. आयफोन नेहमीच्या वापरात ०५एसी : १२ए८, रिकव्हरीत १२८१ आणि डीएफयूमध्ये १२२७. क्वालकॉमची चिप आणीबाणीच्या ईडीएल अवस्थेत गेली की व्हेंडर आयडीसुद्धा बदलतो आणि ०५सी६ : ९००८ समोर येते, फोनवर नाव कोणत्याही कंपनीचे असो.

प्रत्येक बदलाच्या वेळी फोन यूएसबीच्या बसवरून, म्हणजे सामाईक जोडमार्गावरून, खरोखरच उतरतो आणि नव्या ओळखीने पुन्हा चढतो. केबल हललेली नसते, तरी संगणकाच्या लेखी जुने उपकरण गेलेले असते आणि नवे आलेले असते. नवे उपकरण येते ते मूळ संगणकाकडे, कारण खरे पोर्ट त्याच्याच ताब्यात असते. ते व्हीएमकडे पाठवायचे की नाही, हे फिल्टर ठरवतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून फोन निवडून फिल्टर केला की त्यात व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी, रिव्हिजन, नाव, सिरियल नंबर असे सगळे रकाने भरून येतात. लोक ठीक आहे म्हणून खिडकी बंद करतात. हा फिल्टर फोनच्या त्या क्षणाच्या ओळखीपुरताच असतो, आणि पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

व्हीएममधल्या टर्मिनलवर एडीबी या अँड्रॉइडच्या डीबगिंग साधनाने फोन बूटलोडरमध्ये जाण्याची आज्ञा दिली जाते. फोनचा पडदा काळा होतो, बूटलोडरचा मेनू येतो. पुढची फास्टबूटची आज्ञा टाइप केली की कोनी कंसात एक ओळ उमटते : ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’. ती तशीच राहते. फोन तेव्हा कुठे असतो? मूळ संगणकावर, ४ईई० या नव्या ओळखीने, कारण फिल्टर अजून ४ईई२चीच वाट पाहत असतो. घाबरलेला माणूस इथे केबल ओढतो, कमांड तोडतो, फोन जबरदस्तीने बंद करतो. यातले काहीही करायचे नसते. ही ओळ दिसत असताना फोनवर एक अक्षरही लिहिले जात नसते. व्हीएमच्या खिडकीतील यूएसबीच्या मेनूतून नव्या नावाचा फोन निवडला की अडलेली आज्ञा आपोआप पुढे सरकते. केबल ओढणे धोक्याचे असते ते प्रत्यक्ष लेखन सुरू असताना, कारण तेव्हा तो विभाग अर्धवट राहतो. वाट पाहणे आणि लिहिणे या दोन अवस्थांतला फरक न सांगता ‘व्हीएम वापरूच नका’ असा सल्ला देणारे लोक नवशिक्याचे नुकसान करतात.

हातात घड्याळ धरून मेनूतून फोन पकडत बसण्याचीही गरज नाही. पिक्सेलच्या अधिकृत फॅक्टरी इमेजसोबत येणारी स्क्रिप्ट आधी बूटलोडर लिहिते, फोन रीबूट करते, रेडिओचा भाग लिहिते, पुन्हा रीबूट करते. शिवाय अँड्रॉइड १०पासून आलेल्या डायनॅमिक पार्टिशनमुळे पुढे फास्टबूटडी नावाच्या आणखी एका अवस्थेत जाते. एका कामात फोन इतक्यांदा उतरणार-चढणार असेल तर फिल्टरच सैल करावा. फिल्टरमध्ये फक्त व्हेंडर आयडी ठेवून बाकीचे रकाने पुसले की त्या व्हेंडर आयडीची प्रत्येक अवस्था पकडली जाते. रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘काहीही चालेल’ असाच घेतला जातो. इथे एक जपावे : अ‍ॅपलच्या यूएसबी कीबोर्डाचा व्हेंडर आयडीही ०५एसीच असतो, तेव्हा आयफोनसाठी केलेला सैल फिल्टर कीबोर्डही व्हीएममध्ये ओढून नेईल. अशा ठिकाणी प्रत्येक अवस्थेचा वेगळा फिल्टर करावा. सगळेच रकाने रिकामे ठेवलेला फिल्टर तर संगणकाला लावलेले प्रत्येक उपकरण खेचतो.

क्यूईएमयूमध्ये याहून चांगली सोय आहे. तिथे उपकरणाऐवजी पोर्ट नेमून देता येते : अमुक बसवरच्या अमुक पोर्टला जे काही लागेल ते व्हीएमचे. मग फोनने ओळख कितीदाही बदलली तरी फरक पडत नाही. ज्यांना हे काम रोज करायचे आहे त्यांनी यूएसबी कंट्रोलरचे अख्खे कार्डच व्हीएमला देऊन टाकावे. मूळ संगणकाचा त्यात मग हातच राहत नाही. त्यासाठी प्रोसेसर आणि मदरबोर्डमध्ये आयओएमएमयूची, म्हणजे उपकरण थेट व्हीएमच्या हवाली करू देणारी, सोय लागते.

दुसरी नेहमीची तक्रार ‘उपकरण आधीच्या विनंतीत व्यस्त आहे’ या संदेशाची. याचाही अर्थ फोन बिघडला असा लावला जातो. प्रत्यक्षात मूळ संगणकावरच्या एखाद्या प्रोग्रॅमने फोन धरून ठेवलेला असतो. तो बहुधा अँड्रॉइड स्टुडिओने सुरू केलेला एडीबी सर्व्हर असतो, किंवा लिनक्सच्या डेस्कटॉपने फोन लागताच उघडलेली फाइलची खिडकी. सर्व्हर बंद करावा, खिडकीतून फोन अनमाउंट करावा, मग फोन व्हीएमला द्यावा. लिनक्स होस्टवर व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत फोन मुळात दिसतच नसेल, तर वापरकर्ता व्हीबॉक्सयूजर्स या गटात नाही असे समजावे. गटात नाव घालून लॉगआउट करून परत यावे लागते.

मूळ संगणकाला फोनची परवानगी आहे म्हणून व्हीएमलाही ती आपोआप मिळते, हेही खोटे. अँड्रॉइड ४.२.२पासून एडीबी प्रत्येक संगणकाची स्वतंत्र आरएसए किल्ली तपासतो, आणि व्हीएम फोनच्या दृष्टीने वेगळा संगणक असतो. फोनचे कुलूप उघडून पडद्यावरची परवानगी द्यावीच लागते. आयफोनच्या ‘ट्रस्ट’चेही तसेच.

व्हीएममध्ये व्हर्च्युअलबॉक्सच्या गेस्ट अ‍ॅडिशन्स बसवल्याशिवाय यूएसबी चालत नाही, असे म्हणतात. त्यांचा यूएसबीशी संबंध नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या वेगळ्या एक्स्टेन्शन पॅकशिवाय यूएसबी २ आणि ३ मिळत नाही, ही माहिती एके काळी बरोबर होती. ऑक्टोबर २०२२मध्ये आलेल्या व्हर्च्युअलबॉक्स ७.०च्या बदलांच्या यादीत हे दोन्ही कंट्रोलर मूळ मुक्तस्रोत पॅकेजमध्ये आल्याची नोंद आहे. फोनचा ड्रायव्हर मूळ संगणकावर बसवावा लागत नाही, व्हीएममध्ये बसवावा लागतो. व्हीएमला यूएसबी ३ कंट्रोलर दिल्याने फोनचा वेग वाढतोच असे नाही; साध्या आयफोन १५चे पोर्ट यूएसबी २चेच आहे, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिटची मर्यादा फोनच घालतो.

फोन पेन ड्राइव्हसारखा ड्राइव्हचे अक्षर घेऊन दिसायला हवा, ही समजूत जुन्या अँड्रॉइडची आहे. आता फोन एमटीपी वापरतो, त्यात साठवणीचा ताबा फोनकडेच राहतो आणि फाइली मागून घ्याव्या लागतात. विंडोजच्या एन आवृत्तीत मीडिया फीचर पॅक बसवेपर्यंत एमटीपी चालत नाही. अँड्रॉइड ६पासून केबल लावल्यावर फोन आधी फक्त चार्जिंगवर असतो, म्हणून ‘फाइल ट्रान्सफर’ स्वतः निवडावे लागते. आणि हो, काही केबलींत डेटाच्या तारा नसतातच. केबलचा संशय खरा ठरतो तो इथे, फोन मूळ संगणकावरही दिसत नसेल तर.

विंडोजमधली डब्ल्यूएसएल २ हीसुद्धा व्हीएमच आहे, पण तिच्यात यूएसबीची सोय अंगभूत नाही. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे दस्तऐवज त्यासाठी यूएसबीआयपीडी-विन या मुक्तस्रोत प्रकल्पाकडे पाठवतात. त्यातही फोनने ओळख बदलली की जोडणी तुटते, म्हणून ऑटो-अ‍ॅटॅचचा पर्याय द्यावा.

शेवटचा गैरसमज सुरक्षेचा आहे, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. संशयास्पद फोन व्हीएमला लावला की मूळ संगणक सुरक्षित राहतो, असे मानले जाते. फिल्टर लागू होण्याआधी फोनची ओळख वाचतो तो मूळ संगणकच. म्हणजे फोनशी पहिला संवाद त्याच्याच कर्नलचा होतो. व्हीएम संगणकाला पुष्कळ वाचवते, पण त्या पहिल्या संवादापासून नाही. उलट बाजूही तशीच : फोनवर एडीबीची परवानगी दिलेली असेल तर व्हीएममधला घातक प्रोग्रॅम फोनमध्ये अ‍ॅप बसवू शकतो, फाइली काढून घेऊ शकतो. काम संपले की फोनच्या डेव्हलपर पर्यायांत जाऊन दिलेल्या डीबगिंगच्या परवानग्या रद्द कराव्यात आणि यूएसबी डीबगिंग बंद करावे.