नाकाच्या उंबरठ्यावरचे केस

माकुणसार, सफाळे, केळवे रोड या पट्ट्यातून रोज सकाळी अनेक पुरुष पालघर-बोईसरकडे निघतात. कोणी तारापूर औद्योगिक वसाहतीतील रसायनांच्या वा औषधांच्या कारखान्यात जातो, कोणी बाजारात धान्याचे किंवा मिरची-मसाल्याचे दुकान उघडतो. दोघांच्याही श्वासात धूळ असते. मात्र निघण्यापूर्वी आरशासमोर मिशी विंचरणारा पुरुष नाकाचा विचार क्वचितच करतो.

निसर्गाने नाकपुडीच्या तोंडाशी जे केस दिले आहेत, ते धुळीचे मोठे कण अडवतात. त्यांतून निसटलेले बरेचसे कण आतील चिकट स्रावात अडकून घशाकडे सरकतात. तुर्कस्तानात 2011 साली ऋतुमानाप्रमाणे सर्दी-शिंकांचा त्रास होणाऱ्या 233 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत नाकातील केस विरळ असणाऱ्यांमध्ये दम्याचे प्रमाण अधिक आढळले. एका पाहणीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही. तथापि हे केस निरुपयोगी नाहीत, एवढा बोध त्यातून घेता येतो.

असे असूनही चिमट्याने हे केस उपटण्याची सवय अनेकांना असते. उपटलेल्या केसाच्या मुळाशी सूक्ष्म जखम होते आणि नाकात वसणारे जंतू तेथे शिरून वेदनादायक पुळी उठते. नाक व वरच्या ओठाभोवतालच्या शिरांचा संबंध कवटीतील शिरांशी असल्याने असा संसर्ग, क्वचित का होईना, मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून पुळी दाबू नये. सूज वाढली, ताप आला किंवा डोळ्याभोवती दुखू लागले तर त्वरित डॉक्टरांकडे जावे. बाहेर डोकावणारे केस बोथट टोकाच्या लहान कात्रीने कापणे पुरेसे आहे.

मिशीचे काम याहून वेगळे. ती हवा गाळत नाही, उलट दिवसभराची धूळ व परागकण स्वतःवर धरून ठेवते, तेही नाकपुड्यांच्या अगदी खाली. दुकान बंद करून घरी परतल्यावर हातपाय धुतो, तशीच मिशीही साबणाने धुवावी.

दाढीचा प्रश्न कारखान्यात अधिक गंभीर होतो. विषारी वायू किंवा सूक्ष्म धूळ रोखणारा रेस्पिरेटर कातडीला घट्ट चिकटला तरच उपयोगी पडतो. मधे दाढीचे खुंट आले की फटी राहतात आणि दूषित हवा गाळणीला वळसा घालून आत शिरते. मुखवट्याच्या कडेबाहेर न जाणारी छोटी मिशी चालते. दाढी चालत नाही. श्रावणात वा व्रतकाळात दाढी राखणाऱ्या कामगारासाठी डोक्यावरून घेण्याच्या, यंत्राने शुद्ध हवा पुरवणाऱ्या सैल टोपाची व्यवस्था करता येते. कारखान्यातील धूळ व धूर आवरण्याची जबाबदारी कायद्याने मालकावरच टाकली आहे. तेव्हा कारखाना चालवणाऱ्या कुटुंबांनी मुखवटे वाटून थांबू नये. ते प्रत्येक चेहऱ्यावर नीट बसतात की नाही, हेही पाहावे.

नाकातील केस राखावेत, मिशी स्वच्छ ठेवावी आणि जेथे श्वास मुखवट्यावर अवलंबून आहे, तेथे दाढीचा मोह सोडावा.