पाहुणे येणार, पण हाताला चव नाही म्हणता?

मोहरम जवळ आला की कडेगावच्या घराघरांत एकच धांदल उडते. दहाव्या दिवशी उंचच उंच ताबुतांच्या भेटी होतात. हिंदू आणि मुसलमान दोघेही ते ताबूत बांधतात, आणि ही रीत दीडशे वर्षांहून जुनी आहे. भेटी पाहायला माहेरवाशिणी येतात, व्याही येतात, गलाईच्या धंद्यानिमित्त दूरच्या मुलखात गेलेली भावकीही गावाकडे वळते. अशा वेळी घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, “माणसं येणार म्हणतात, पण माझ्या हाताला चवच नाही. मी कुणाच्या तोंडाला पुरणार?”

भगिनींनो, हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखे नाही. स्वयंपाकाच्या धास्तीने माणूस पाहुण्याला ‘या’ म्हणायचे टाळतो. एक वर्ष टाळले, दुसरे वर्ष टाळले, की येणाऱ्याचीही पावले अडखळतात. मुलाबाळांना आत्या-मामाची ओळख राहत नाही. आमटीत मीठ कमी पडले तर एक जेवण बिघडते, पण येणे-जाणे थांबले तर नाते तुटते.

माझी नोकरी शेतकऱ्यांच्या बांधावर गेली. शिवारफेरी संपली की कुणीतरी आग्रहाने घरी नेतेच. कुठल्या घरी किती पदार्थ होते हे मला आज आठवत नाही. तव्यावरची गरम भाकरी, ताजी चटणी आणि “अजून घ्या की” म्हणणारी माणसे मात्र आठवतात. पाहुणा ताटाकडे पाहतो त्याहून जास्त तुमच्या तोंडाकडे पाहतो. तुमच्या चेहऱ्यावर भीती असली की त्यालाही घास गोड लागत नाही.

आपल्या भागाला हे सांगायला नको. १९४२ नंतर प्रतिसरकारच्या काळात आपला हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. भूमिगत कार्यकर्ते रात्री-अपरात्री वस्तीवर यायचे. घरात जी भाकरी-चटणी असेल ती त्यांच्या पुढे यायची. पक्वान्न नाही म्हणून कुणी दार लावून घेतले नाही.

आता चवीचे बघू. “हाताला चव” ही जन्माने येते असा समज आहे. तो खरा असता तर पाककृतींची पुस्तके खपलीच नसती. आपल्या शेजारच्या कुंडलमध्ये जन्मलेल्या कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे पुस्तक १९७० साली निघाले आणि त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. बाईंचे शाळेतले शिक्षण फार नव्हते. त्यांनी काय केले, तर ‘अंदाजाने’ हा शब्द बाजूला ठेवला आणि वाटी-चमच्याची मापे दिली. वाटी आणि चमचा प्रत्येक घरात असतो, म्हणून नवशिक्या सुनेलाही ते जमले. आपण युरिया मूठमूठ अंदाजाने टाकतो का? एकरी किती, हे विचारून टाकतो. मग मीठच का अंदाजाने टाकायचे?

बेत लहान ठेवा

धास्ती वाटते तेव्हा माणूस पदार्थ वाढवतो, आणि तिथेच फसतो. एक उसळ, भाकरी, भात, चटणी, दही आणि कांदा एवढे पुष्कळ झाले. आपल्या भागातला अख्खा मसूर हा नवशिक्याचा मित्र आहे. तो लवकर शिजतो आणि सहसा दगा देत नाही. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत जे कमी असते ते कडधान्यात असते, म्हणून भाकरी आणि उसळ मिळून अंगाला चांगले पोषण मिळते.

दहा मोठ्या माणसांसाठी सुमारे ६०० ग्रॅम अख्खा मसूर, दीड ते दोन किलो ज्वारीचे पीठ आणि अर्धा ते पाऊण किलो तांदूळ पुरतात. किलोभर पिठाच्या साधारण दहा भाकरी होतात. जेवणारी माणसे कष्टाची असतील तर पीठ थोडे वाढवा.

मसूर दोन-तीन तास भिजवा. शिजल्यावर कांदा, लसूण, खोबऱ्याची फोडणी करून त्यात घाला. कांदा-लसूण मसाला एकदम ओतू नका. आधी निम्मा घाला, चाखा, मग वाढवा. हा मसाला कुटतानाच त्यात मीठ पडलेले असते हे विसरू नका. पुष्कळ भाज्या खारट होतात त्या याच कारणाने. एवढ्या उसळीला चहाचे तीन सपाट चमचे मीठ आधी घाला, उकळी आल्यावर चाखा आणि लागले तरच आणखी घाला. घातलेले मीठ परत काढता येत नाही.

चुकते कुठे, ते ओळखा

डाळ शिजत नाही, तेव्हा दोष हाताचा नसतो. बोअरचे पाणी जड असेल तर त्यातल्या क्षारांमुळे डाळ टणक राहते. अशा वेळी पिण्याचे गोडे पाणी वापरा आणि डाळ आधी भिजवा. चिंच, आमसूल, टोमॅटो ही आंबट वस्तू डाळ पूर्ण शिजल्यावरच घाला. आधी घातली तर डाळ शिजायला वेळ लागतो.

भाकरी थापताना तुटते, तेव्हा पीठ पाहा. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. जो थोडा असतो तोही पीठ जुने झाले की जातो. यालाच आपण पीठ ‘विरी गेले’ म्हणतो. म्हणून पाहुण्यांच्या आदल्या दिवशी दळून आणा. मालदांडी ज्वारी असेल तर उत्तमच. उकळते पाणी घालून पीठ मळले म्हणजे त्यातला स्टार्च फुलतो आणि भाकरी वळते. एका भाकरीपुरतेच पीठ घ्या आणि तळहाताने भरपूर मळा. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवा, आणि ते पुरते वाळायच्या आत भाकरी उलटा. पाणी वाळून गेले की भेगा पडतात.

भात चिकट होतो तो बहुधा नव्या तांदळाचा. नव्या तांदळाला पाणी कमी लागते, जुन्याला जास्त. तुमच्या घरातल्या तांदळाचे पाणी एकदा वाटीने मोजून ठरवून ठेवा.

आमटी खारट झालीच, तर थोडी बिनमिठाची शिजलेली डाळ आणि उकळते पाणी घालून वाढवा. उसळ खाली लागली तर डाव घालून खरवडू नका. वरची वर दुसऱ्या भांड्यात काढून घ्या, खालची तशीच राहू द्या.

वेळ वाटून घ्या

दळण, चटणी कुटणे, खोबरे भाजणे ही कामे आदल्या दिवशी उरका. शेंगदाण्याची चटणी आदल्या दिवशीची उलट मुरते. पण ओले वाटण त्याच दिवशी करा; पावसाळी हवेत ते आंबते. उसळ दोन तास आधी तयार असावी, भात अर्धा तास आधी. भाकरी तेवढी पाहुणे आल्यावर. मोहरम दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे कधी तो उन्हाळ्यात येतो, कधी पावसात. पावसात पाणी उकळून गार करून ठेवा आणि रात्रीचा उरलेला भात दुसऱ्या दिवशी पाहुण्याला वाढू नका.

आणि भाकरी जमतच नसेल तर? भांगलणीला आपण सावड करतोच. तशीच भाकरीची सावड करा. शेजारीण तुमच्याकडे येऊन भाकऱ्या थापील, तुम्ही तिच्या घरच्या कार्याला शेंगा निवडून द्याल, भांडी सांभाळाल. यात कमीपणा कसला? मात्र बाहेरून जेवण आणण्यासाठी उधारी करू नका. पाहुणा दोन घास खाऊन जातो, उधारी वर्षभर राहते.

आता घरच्या पुरुषांना दोन शब्द

बंधूंनो, किती माणसे येणार हे आदल्या दिवशी सांगा. चौघे म्हणून नऊ जण आणू नका. दळण आणणे, पाणी भरणे, ताटे मांडणे ही कामे तुमची समजा. आणि पाहुण्यांदेखत “आज मीठ कमी पडलंय” किंवा “हिला काही येत नाही” असे चुकूनही बोलू नका. तुम्हाला ती थट्टा वाटते. पण त्या एका वाक्याने शिकलीसवरलेली सूनही पुन्हा पुढे येऊन वाढायला धजत नाही. सासूबाईंनीही कानात सांगायचे ते कानातच सांगावे. शेवटी राहिलेल्या बायकांसाठी उसळ आणि चार गरम भाकऱ्या आधीच बाजूला काढून ठेवा. राबणारी उपाशी राहिली तर ते कसले पाहुणपण?

नवे बियाणे आपण एकदम सगळ्या रानात पेरत नाही. आधी दोन गुंठ्यांवर पेरून पाहतो. पाहुण्यांचेही तसेच करा. येत्या बाजारच्या दिवशी शेजारचे एखादे जोडपे जेवायला बोलवा. हाच बेत, हीच मापे. किती पीठ लागले, किती मीठ लागले, काय उरले, हे मुलाच्या वहीत लिहून ठेवा. दोन-तीन वेळा असे झाले की माप तुमच्या हातात बसेल. मग भेटीच्या दिवशी वीस माणसे आली तरी वहीतले आकडे दुप्पट करायचे, एवढेच काम उरेल.