‘यात्रा’ फॉन्ट पाटीवर शोभतो, मग पत्रिकेत का नाही?

‘हर्सूल’ हे नाव मोठ्या अक्षरात लिहून बघा. ‘स’च्या डोक्यावर रफार, पायाशी दीर्घ उकार. पाटी रंगवणारा पेंटर दोन्हींची जागा नजरेने काढायचा. आता ते काम फॉन्ट करतो. २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर लहानमोठ्या सगळ्याच दुकानांना देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. त्यामुळे पाटीसाठी फॉन्ट निवडायची वेळ अनेकांवर येते.

हाताने रंगवलेल्या पाटीची आठवण करून देणारा एक फॉन्ट म्हणजे ‘यात्रा वन’. मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून तो कॅथरीन ली श्मिट यांनी घडवला. गूगल फॉन्ट्सवर तो मोफत मिळतो, धंद्यासाठीही वापरता येतो. युनिकोड असल्याने मजकूर मोबाइलवर टाइप करून थेट फ्लेक्सवाल्याला पाठवता येतो.

या फॉन्टचे वैशिष्ट्य आहे कलमाच्या तिरकसपणात. देवनागरीचा बोरू आणि रोमन लिपीची कलम उलट बाजूंनी तिरकी कापतात. म्हणून दोन्ही लिप्यांत रेघ जाड-बारीक होण्याच्या जागा वेगळ्या. ‘यात्रा’मध्ये इंग्रजी अक्षरेही देवनागरीच्या कलमाने लिहिल्यासारखी आहेत. पाटीवर दोन्ही लिप्या शेजारी आल्या तरी एकाच हातच्या वाटतात. एरवी बहुतेक फॉन्टमध्ये मराठीलाच इंग्रजीचे माप घ्यावे लागते!

पण हा तिरकसपणाच सहज बिघडतो. जागेत बसवायला अक्षरे आडवी ताणली, की जाड-बारीक रेघांचा मेळ जातो. जागा कमी असेल तर आकार कमी करा, ताणू नका. ‘यात्रा’त एकच जाडी आहे. वरून ‘बोल्ड’ दाबले, तर संगणक कडा नुसत्या फुगवतो आणि अक्षरांतल्या पोकळ्या बुजतात. अक्षरांत अंतर वाढवले, तर शिरोरेषा तुटते. इंग्रजीत चालणारी ही युक्ती मराठीत पाटीचे तुकडे करते.

आणखी एक धोका सॉफ्टवेअरचा. भारतीय लिप्यांची सोय चालू नसेल, तर ‘हर्सूल’चे ‘हर् सूल’ होते आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. इथल्या हरसिद्धी मातेच्या नवरात्रातल्या यात्रेचा फलक करायचा असेल, तर छापण्याआधी ‘हरसिद्धी’ हा एकच शब्द टाइप करून पाहा. ‘सि’ची वेलांटी आणि ‘द्धी’चे जोडाक्षर नीट आले, तर पुढे जायला हरकत नाही.

पत्रिकेत मात्र वर फक्त नाव ‘यात्रा’त ठेवा. वेळ, पत्ता, फोन नंबर अशा बारीक मजकुराला हा फॉन्ट जड होतो. तिथे ‘मुक्ता’सारखा साधा फॉन्ट बरा. तोही मोफत आहे आणि त्यात सात जाड्या मिळतात.