तिसरा आला तरी चालेल अशी शर्यत

मार्चच्या सुरुवातीला एका रविवारी दुपारी, टोकियोच्या पूर्वेला फुनाबाशी शहरातल्या नाकायामा रेसकोर्सवर तीन वर्षांचे थरोब्रेड घोडे २००० मीटरची एक शर्यत पळतात. तिचं नाव यायोई शो. १९६४ साली ती सुरू झाली. आज तिला दुसऱ्या श्रेणीचा दर्जा आहे आणि पहिल्या तीन घोड्यांना एप्रिलमधल्या सात्सुकी शोमध्ये हक्काची जागा मिळते. सात्सुकी शो म्हणजे जपानच्या तिहेरी मुकुटाचा पहिला टप्पा. त्यानंतर मेअखेर २४०० मीटरची डर्बी आणि शरद ऋतूत ३००० मीटरची किक्का शो.

सात्सुकी शोत जास्तीत जास्त १८ घोडे पळतात. त्यातल्या बहुतेक जागा आजवरच्या कमाईवर ठरतात. त्यामुळे यायोई शोच्या गेटमध्ये दोन तऱ्हेचे घोडे उभे असतात. एकाची कमाई तुटपुंजी, म्हणून पहिल्या तिघांत येणं त्याला भागच असतं. दुसऱ्याची जागा आधीच पक्की, तो फक्त रंगीत तालमीला आलेला असतो. त्याचा ट्रेनर घोड्याला पूर्ण धार लावून आणत नाही, ती एप्रिल-मेसाठी राखून ठेवतो.

ही गोष्ट पॅडकमध्येच कळते. जपानमध्ये शर्यतीआधी प्रत्येक घोड्याचं वजन जाहीर होतं आणि शेजारीच मागच्या शर्यतीपेक्षा किती किलो वाढलं वा घटलं तेही लिहिलेलं असतं. हिवाळ्याच्या सुटीनंतर आलेल्या घोड्यापुढे अधिक दहा दिसलं, की जाणकार विचारात पडतात : पोरगं अंगाने भरलंय, की नुसतंच सुटलंय? उत्तर धावपट्टीवर मिळतं. स्टॅण्डसमोरून सुटायचं, चढ चढायचा, उजवीकडे वळत पूर्ण फेरी मारायची आणि शेवटच्या जेमतेम ३१० मीटरच्या सरळ पट्टीत तोच चढ दुसऱ्यांदा चढायचा. पट्टी आखूड असल्याने फार मागे राहून भागत नाही आणि चढ असल्याने फार लवकर सुटूनही भागत नाही. सात्सुकी शोही नेमकी याच मार्गावर, याच अंतराची. जॉकीला एवढी सरळ चाचणी दुसरीकडे मिळत नाही.

या शर्यतीत खच्ची केलेल्या घोड्यांना प्रवेश नाही. सात्सुकी शोसारख्या क्लासिक शर्यतींचा मूळ हेतूच पुढच्या पिढीचे जनक आणि माता निवडण्याचा असल्याने त्यांच्या चाचणीलाही तोच नियम. नर ५७ किलो वजन घेऊन पळतात, माद्यांना दोन किलोंची सूट असते.

या शर्यतीने जपानला मोठी माणसं, म्हणजे मोठे घोडे दाखवले. १९७३ साली ओईच्या स्थानिक रेसकोर्सवर एकही शर्यत न हरलेला हाईसेइको इथे पहिल्यांदा राष्ट्रीय पातळीवर उतरला, तेव्हा लाखाहून अधिक माणसं लोटली होती. तो जिंकला, पुढे सात्सुकी शोही जिंकला. १९८४ चा विजेता सिम्बोली रुडॉल्फ एकही पराभव न पाहता तिहेरी मुकुट मिळवणारा जपानचा पहिला घोडा ठरला.

दुसरा ठरला डीप इम्पॅक्ट. मार्च २००५ मध्ये जॉकी युताका ताके याला घेऊन तो इथे आला, तेव्हा त्याची ती तिसरीच शर्यत. जिंकला, पण मानेएवढ्या अंतराने. एप्रिलमध्ये तोच अडीच लांब्यांनी आणि डर्बीत पाच लांब्यांनी जिंकला. मार्चमधल्या त्या निसटत्या अंतरावरून त्याला मोजणारे फसले असते. २०१९ च्या जुलैत तो गेला आणि २०२० पासून शर्यतीच्या नावात त्याचं नाव जोडलं गेलं.

मात्र नाव मोठं झालं त्याच सुमारास शर्यतीची गरज कमी होऊ लागली. मोठ्या फार्मांकडे आता स्वतःच्या चढाच्या धावपट्ट्या आहेत. घोडा तिथेच तयार करून थेट मोठ्या शर्यतीत उतरवता येतो. २०१९ मध्ये सॅटर्नालिया आणि २०२० मध्ये डीप इम्पॅक्टचाच मुलगा कॉन्ट्रेल डिसेंबरनंतर एकही शर्यत न पळता सात्सुकी शो जिंकले. कॉन्ट्रेलने तर पुढे बापासारखाच अपराजित तिहेरी मुकुट मिळवला. २०१० च्या व्हिक्त्वार पिसानंतर २०२५ पर्यंत यायोई शो आणि सात्सुकी शो एकाच वर्षी जिंकणारा घोडा निघालेला नाही.

म्हणून चाचणी निकालात निघाली का? २०२२ ची यायोई शो पाहा. आस्क व्हिक्टर मोर पहिला, डिसेंबरमध्येच पहिल्या श्रेणीची शर्यत जिंकलेला डो ड्यूस दुसरा. सात्सुकी शोत दोघेही हरले. डर्बी डो ड्यूसने मारली आणि किक्का शो आस्क व्हिक्टर मोरने. २०१६ चा माकाहिकी आणि २०२३ चा टास्टिएरा इथे जिंकून सात्सुकी शोत चुकले, पण डर्बी घेऊन गेले. २०२१ च्या टायटलहोल्डरचा दिवस किक्का शोला उगवला. २०२५ मध्ये तर इथे चौथा आलेला म्युझियम माइल सात्सुकी शो जिंकला.

तेव्हा यायोई शोचा निकाल वाचताना पहिल्या नावावर थांबू नये. विजेता त्या दुपारचा असतो. त्याच्यामागून चढावर दम न सोडता आलेला घोडा कोण, हे ज्याने टिपून ठेवलं त्यालाच या शर्यतीचा खरा उपयोग झाला.